पाण्याला भिणारा कोट

मी एक जुना कोट आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. कपड्याने पाण्याला भ्यावं म्हणजे माशाने पाण्याला भिण्यासारखंच झालं, हे मला कळतं. तुमचे शर्ट आणि फ्रॉक साबणाच्या फेसात डुंबतात, दोरीवर उलटे लटकून मजेत वाळतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्यासमोर कुणी नुसता भरलेला पेला ठेवला तरी माझा दोरा न् दोरा आखडतो. तुम्ही हसाल, मित्रांनो. खुशाल हसा, पण आधी माझी सगळी हकिकत ऐका.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडकीखाली पायमशीन, मधोमध मोठं टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली रिळं आणि कोपऱ्यात डोकं नसलेला एक पुतळा. ही खोली सूनबाईची. घरातली आजी तिला सूनबाई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. सूनबाई कपड्यांची डिझायनर आहे आणि भरतकामाचे प्रयोग करणं हा तिचा उद्योग. कापडावर दोऱ्याने वेलबुट्टी काढणारे पुष्कळ असतात. सूनबाई तांब्याची तार, लोकर, मोडक्या छत्रीचं कापड, पाकिटांवरचं चमकतं प्लास्टिक, हाताला लागेल ते सुईखाली घ्यायची. तिचा नवरा दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्याने आणलेल्या टाकाऊ फिल्म तिने माशाच्या खवल्यांसारख्या कापल्या आणि माझ्या छातीवर ओळीने टाचल्या. म्हणजे माझ्या छातीवर कुणा अनोळखी माणसांच्या छातीचे तुकडे आहेत. अशा कोटाने भित्रं असू नये तर काय असावं?

आजी म्हणजे सूनबाईची सासू. तिने उभं आयुष्य शाळांचे गणवेश शिवले. तोच निळा, तोच पांढरा, तेच माप. प्रयोग वगैरे तिला मानवत नसत. पहिल्यांदा मला बघितलं तेव्हा ती चष्मा वर सरकवून म्हणाली, "सूनबाई, हा कोट आहे की भंगारवाल्याची हातगाडी?"

"हातगाडीच आहे, आई. तुम्हाला फिरवून आणू का?" सूनबाई म्हणाली.

दोघींचं हे असं चालायचं. पण आजीची सुई सरळ होती आणि तिचा एक नियम पक्का होता. कुठलाही कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करायची. "माणूस बोलण्यावरून कळतो आणि शिवण उलट्या बाजूवरून," असं ती म्हणे. मागे लोंबता दोरा दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची आणि कात्री आपोआप हातात यायची.

आता माझ्या पाठीबद्दल सांगतो, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. माझी पाठ साध्या कापडाची नव्हती. सूनबाईने त्यासाठी पाण्यात विरघळणारं कापड आणलं होतं. दिसायला ते कॉलरमध्ये घालतात त्या बकरमसारखं, पांढरं आणि जरा ताठ. त्यावर हवं ते भरतकाम करायचं आणि मग ते कोमट पाण्यात बुडवायचं. कापड विरघळून जातं, मागे राहते फक्त दोऱ्यांची जाळी. अट एकच असते. प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यात अडकलेला हवा, कारण खालचं कापड गेल्यावर दोऱ्याला दोऱ्याशिवाय कुणाचा आधार उरत नाही.

ही अट मला फार लवकर आणि फार वाईट रीतीने कळली. मी पुतळ्यावर अर्धवट टाचलेला होतो तेव्हा सूनबाईने हातरुमालाएवढा एक नमुना करून बघितला. त्यावर दोन फुलं होती. एक बाजूच्या जाळीत गुंतवलेलं, दुसरं नुसतंच एकटं. तिने नमुना वाडग्यातल्या पाण्यात सोडला. पहिलं फूल जागच्या जागी राहिलं. दुसरं सुटलं, स्वतःभोवती एकदा फिरलं आणि तळाशी जाऊन बसलं.

"हं, जोडायला हवं," सूनबाई स्वतःशी म्हणाली आणि तिने वाडगा बेसिनमध्ये ओतला. तिच्यासाठी तो एक प्रयोग होता. मी मात्र ते फूल बेसिनच्या जाळीतून खाली जाताना बघितलं. त्या दिवसापासून त्या खोलीतला नळ सुटला की माझी पाचावर धारण बसायची.

पाठीवर सूनबाईने मशीनने गोल गोल जाळी भरली आणि मधला भाग मुद्दाम मोकळा सोडला. कापड विरघळलं की तिथे मोठं भोक पडणार होतं आणि कोट घालणारीची पाठ त्यातून दिसणार होती. आजीला ते काही खपेना.

"पाठीला एवढं भगदाड? पोरीला वारा लागेल की."

"आई, ते भगदाड हेच तर डिझाइन आहे."

"असेल बाई. आमच्या वेळी भोक पडलं की आम्ही रफू करायचो."

पुढचे काही दिवस सूनबाई फॅशन शोच्या तयारीसाठी सकाळीच बाहेर पडायची. आजी खोलीत एकटी असायची. एका दुपारी तिने पाठीचा तुकडा मांडीवर घेतला, गोल फ्रेममध्ये ताणून बसवला आणि रिळांसमोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. तिला रंग निवडायची सवयच नव्हती. रंग नेहमी शाळा ठरवायची. शेवटी तिने गंजाचा रंग घेतला, मग पोपटी, मग जांभळा, मग वांग्याच्या देठासारखा एक काळपट हिरवा. आणि तिने पानं भरायला घेतली. कुठल्याच झाडाची नसतील अशी पानं. आधी कडेने साखळी टाका, मग त्या साखळीत अडकवत आतली भरणी. भरता भरता ती काहीतरी गुणगुणायची, मध्येच स्वतःशी हसायची. कुणी न सांगता, मापाविना, आपल्या मनाचं तिने आयुष्यात पहिल्यांदा काही शिवलं.

मला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. आणि मग पहिलं पान पुरं झालं. आजीने सुई मागे काढली, दोरा दोन टाक्यांखाली दडवला आणि कात्रीने कट्टकन कापला. दुसरं पान तिने बोटभर अंतरावर नव्याने सुरू केलं.

एका पानावरून दुसऱ्या पानाकडे मागून दोरा ओढत नेणं तिच्या लेखी आळशीपणा होता. साध्या कापडावर तिचं अगदी बरोबर होतं. पण माझ्या पाठीचं कापड जाणार होतं, आणि पानांनी एकमेकांचा हात धरलेला नव्हता. ती जितकी नेटकी शिवत होती तितका माझा जीव टांगणीला लागत होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. कोटाला खिसे असतात, कॉलर असते, तोंड नसतं.

सूनबाई परतली तेव्हा भगदाड भरून गेलं होतं. ती टेबलाजवळच्या स्टुलावर मटकन बसली.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"भोक बुजवलं. आवडलं नाही तर उसव."

"उसवू? मला वेड लागलंय का?" तिचे डोळे भरून आले होते. तिने पाठ उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली. "मागून एक दोरा दिसत नाही, आई." आजीने मान डोलावली. त्या आनंदात जे विचारायचं ते राहूनच गेलं. शो तोंडावर आला होता आणि खालचं कापड असल्यामुळे पाठ छान ताठ उभी राहत होती. "नंतर धुऊ," सूनबाई म्हणाली. मित्रांनो, त्या एका 'नंतर'वर मी पुढची सगळी वर्षं लटकत राहिलो.

शोच्या दिवशी दिव्यांचा असा काही उकाडा होता की मला घातलेल्या मुलीच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. एक थेंब कॉलरच्या आत शिरला आणि पाठीकडे निघाला. टाळ्या वाजत होत्या, मुलगी वळून उभी राहत होती, आणि मी एकटा तो थेंब मोजत होतो. तो कॉलरच्या अस्तरातच जिरला. मी वाचलो. मग लोक आत आले, कुणी माझी बाही चाचपली, कुणी खवले वाजवून बघितले. एका म्हाताऱ्या शिंप्याने पाठ उलटवली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. "हे बघा. उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच. असं काम आता कोण करतं?" आजी मागे उभी होती. ती लाजली. मी मात्र प्रत्येक कौतुकाबरोबर आतल्या आत गार पडत होतो, कारण ज्याचं कौतुक होत होतं तेच मला मारणार होतं.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी मिरवलो आणि मग हळूहळू मागे पडलो. कौतुकाचं हे असंच असतं, पाहुण्यासारखं. नवे कोट आले, नवे प्रयोग आले, आणि मी कपाटात गेलो. कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून होतं. त्या भिंतीतून पाण्याचा पाइप गेला होता. कुणी अंघोळ केली की माझ्या कानाशी पाणी धावायचं. पुढे पाइप कुठेतरी पाझरायला लागला आणि कपाटाच्या मागच्या फळीवर एक ओला डाग उमटला. आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला. माझी पाठ त्या फळीला टेकलेली. मला जागचं हलता येत नव्हतं. डाग वाढत वाढत माझ्याकडे येत होता आणि मी रोज देवाला नाही, प्लंबरला आळवत होतो. शेवटी प्लंबर आला. तो आला नसता तर ही हकिकत सांगायला मी उरलो नसतो.

कपाट उघडायची ती आजीच. तिच्या हातांना आता कंप सुटला होता. आधी सुईत दोरा जाईना, मग सुईच धरता येईना. चहाची बशीसुद्धा तिच्या हातात वाजायची. तिचं पायमशीन कापड घालून झाकून ठेवलं होतं. ती कपाट उघडायची, मला फिरवून पाठ आपल्याकडे करायची आणि पानांवरून बोट फिरवायची.

"हजारो पोरांच्या अंगावर माझी शिवण गेली," ती एकदा सूनबाईला म्हणाली. "सगळे गणवेश फाटले असतील, पायपुसणी झाली असतील. माझं म्हणून एवढंच राहिलंय बघ."

हे ऐकल्यापासून मला माझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त भीती वाटायला लागली. मी एक कोट. सुटलो तर दुसरा होईल. पण ती पानं सुटली तर तिला पुन्हा एक पानसुद्धा भरता येणार नव्हतं.

आणि मग तो दिवस आला. वस्त्रसंग्रहालयातून एक बाई आल्या. माझी गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती आणि त्यांना मी कायमचा हवा होतो. त्यांनी मला टेबलावर पसरलं, भिंग लावलं आणि पाठीवर येऊन थांबल्या. खालचं कापड पिवळं पडलं होतं आणि एका ठिकाणी त्याला बारीक तडा गेला होता.

"हे अजून तसंच ठेवलंय?" त्यांनी विचारलं. "आता ते आणखी कडक होईल, तुटेल, आणि तुटताना दोरे कापेल. काढून टाका लवकर."

म्हणजे पाण्यात घातलं तरी मरण, न घातलं तरी मरण. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि माझ्या बाबतीत दोन्हीकडे पाणीच.

सूनबाईने पाठ माझ्यापासून उसवली. तार आणि फिल्म भिजवून चालणार नव्हतं. मी अर्धा खुर्चीच्या पाठीवर आणि अर्धा तिच्या हातात, अशा अवस्थेत मी तिला प्लास्टिकचा मोठा टब भरताना बघितलं. वाफ नको, गार नको, कोमट हवं. ती कोपर बुडवून बघत होती. आजी येऊन स्टुलावर बसली, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत धरून. असे धरले की ते कमी हलायचे.

"उलटी बाजू बघितलीस का?" आजीने सवयीने विचारलं.

"तुमची उलटी बाजू काय बघायची, आई? सगळं गाव बघून गेलंय."

एरवी सूनबाई प्रत्येक तुकडा बुडवण्याआधी खिडकीच्या उजेडात धरून बघायची, कुठला टाका सुटा तर नाही ना म्हणून. त्या दिवशी तिने बघितलं नाही. अविश्वास दाखवणं तिला बरं वाटलं नाही. मित्रांनो, माझ्यावर आलेलं संकट कुणाच्या दुष्टपणातून आलं नव्हतं. ते प्रेमातून आणि आदरातून आलं होतं, आणि म्हणूनच ते कुणाला दिसत नव्हतं.

तिने मला पाण्यात सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग पाठ जड झाली, मऊ पडली, बुळबुळीत झाली. ज्याच्यावर मी इतकी वर्षं उभा होतो ते खालून निघून चाललं. कडेची जाळी धरून राहिली. मध्ये मात्र एक पोपटी पान हललं. त्याच्या शेजारचं जांभळं पान हळूच तिरकं झालं.

सूनबाईचे हात पाण्यातच थबकले. "आई, पानं एकमेकांना जोडली नाहीत तुम्ही?"

"जोडायची कशाला? भोक भरलं की तिथलं कापड राहतं ना."

"तेच कापड जातंय."

आजी उठली आणि तिने टबात वाकून बघितलं. सूनबाईने घाबरून मला ओढून बाहेर काढायला हात घातला.

"ओढू नकोस," आजी म्हणाली. "ओढलंस तर सगळी जातील. पाणी हलवू नकोस."

"मग काय करू? मी काय करू, आई?"

"दुधावरची साय कशी काढतेस? खालून. खालून काहीतरी घाल."

सूनबाईने ओल्या हातानेच टेबलावरच्या गठ्ठ्यातून नेटचं कापड खेचलं आणि टबाच्या कडेने सावकाश माझ्याखाली सरकवलं. तोवर निम्मी पानं सुटली होती. काही तरंगत होती, काही अर्धी बुडाली होती. मी इतकी वर्षं जे मनात बघून थरकापलो होतो ते आता डोळ्यांसमोर घडत होतं, आणि खरं सांगतो, मनात बघितलं होतं त्याहून ते शांत होतं. त्यामुळे जास्तच भयंकर वाटत होतं.

नेट उचलायला चार हात हवे होते. "आई, तिकडची टोकं धरा."

आजी मागे सरली. "माझे हात हलतात गं. मीच घालवीन ती."

"हलू द्या. धरा."

आजीने टोकं धरली. तिच्या हातांचा कंप नेटमधून माझ्यापर्यंत पोचला. पाण्यावर बारीक लहरी उठल्या आणि पानं आपापल्या जागा सोडून सरकली. दोघी वर उचलत होत्या, पाणी गळत होतं, आजी पुटपुटत होती, "सांभाळ, सांभाळ," आणि ते ती सूनबाईला म्हणत होती की पानांना की हातांना, मला कळलं नाही. त्यांनी नेट टेबलावर ठेवलं. पानं त्यावर विखरून पडली होती. आजीने आखलेली ओळ मोडली होती. वाऱ्याने अंगणात लोटावीत तशी कुठे दाट, कुठे विरळ.

मग सूनबाईने टब उचलला आणि बेसिनमध्ये ओतायला वाकवला.

"थांब," आजी म्हणाली आणि तिने पुढे होऊन आपला तळहात बेसिनच्या जाळीवर दाबून धरला. गढूळ पाणी तिच्या बोटांवरून गेलं. सगळं वाहून गेल्यावर तिच्या तळव्यात एक गंजाच्या रंगाचं पान राहिलं होतं.

मी वाळलो तेव्हा एक नवल झालं. विरघळलेल्या कापडाची थोडी खळ पानांच्या पोटाशी उरली होती. तिनेच पानं नेटला हलकी चिकटून बसली. सूनबाईने मग त्यांना जिथे पडली तिथेच ठेवलं आणि पानातून पानाकडे दोरा नेऊन जोडायला घेतलं. तिने ते काम पुष्कळ दिवस केलं. आजी शेजारी बसून कुठलं पान अजून सुटं आहे ते बोटाने दाखवायची. शेवटी पाठ उलटी केली तेव्हा मागे दोऱ्यांचा नुसता गुंता होता. एक दोरा इथून तिथे, दुसरा त्याला ओलांडून, कुठे सैल, कुठे गाठ. सूनबाई ओशाळून म्हणाली, "आई, मागून अगदीच गबाळं झालंय. अस्तराखाली झाकून टाकते."

आजीने उलट्या बाजूवरून बोट फिरवलं. तिच्या कपाळाला आठी पडेल म्हणून मी वाट बघत होतो. तिचं बोट एका पानावरून निघालं, दोऱ्यावरून दुसऱ्या पानावर गेलं, तिथून तिसऱ्यावर.

"झाकू नकोस," ती म्हणाली. "दिसू देत."

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. मला पाठमोरं टांगलं आहे आणि मागे आरसा लावला आहे, म्हणजे येणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. भीती गेली का, असं विचाराल तर नाही गेली. फरशी पुसणाऱ्या बाई बादली घेऊन आल्या की मी अजून आखडतो. छताला कुठे डाग आहे का ते मी रोज बघतो. एकदा सुटलेल्याला ठाऊक असतं की पुन्हा सुटता येतं.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. कुणाचं काम आवडलं तर छान म्हणून थांबू नका. ते कशाच्या आधारावर उभं आहे, हेही एकदा विचारा. आपल्या माणसाला तर नक्की विचारा, कारण त्यालाच विचारायचं राहून जातं.

आजी अधूनमधून मला बघायला येते. माझ्या उजव्या खांद्याखाली एका पानाची जागा रिकामी आहे. सूनबाई ते पान लावायला निघाली होती, पण आजीने दिलं नाही. ती काचेसमोर उभी राहते, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाच्या डबीतून ते काढते आणि उघड्या तळहातावर ठेवते. तिचा हात थांबत नाही. त्या हातावर ते गंजाच्या रंगाचं पान, माझ्या पाठीवर कधीच हललं नसतं तसं, सारखं हलत असतं.